लेहच्या बर्फावर : वेठ नव्हे, सेवा!

आम्ही लडाखला जायचे ठरवले तेव्हा आईने विचारलेला पहिला प्रश्न हा होता, "पगार काय देणार रे ते?"

"पगार नाही, आई. स्वयंसेवक म्हणून जायचंय."

"म्हणजे फुकट राबायचं? तेही पदरचं गाडीभाडं घालून?" आई सूप खाली ठेवून म्हणाली, "माझ्या बापाने फुकट राबून राबून पाठ मोडून घेतली, तेवढं पुरलं नाही का आपल्या घराला?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. चार पुस्तके वाचलेली, सभासंमेलनांतून भाषणे केलेली. पण आईच्या या एका प्रश्नापुढे आम्ही गप्प बसलो.

आईचे वडील येसकर होते. मुरबाड-शहापूरच्या या डोंगरपट्ट्यात सरकारी अंमलदार दौऱ्यावर आला की त्याची वळकटी आणि ट्रंक डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत धावायचे. गावात कुणी मेले की रात्री-अपरात्री सांगावा घेऊन जायचे. मेलेले ढोर ओढायचे. बदल्यात काय, तर वतनाचा वीतभर तुकडा आणि दारोदार मागितलेल्या भाकरी. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही गुलामी ओळखली होती. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले आणि पुढे कितीतरी वर्षे या प्रश्नावर झुंज दिली. अखेर १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. तोवर आईच्या वडिलांची पाठ वाकली होती ती वाकलीच.

तेव्हा आईच्या दृष्टीने 'बिनपगारी काम' या शब्दाचा एकच अर्थ होता. वेठ!

तरीही आम्ही गेलो. त्याचे कारण सांगतो.

२०२३ च्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर आमची एका लडाखी तरुणाशी ओळख झाली. तो लेहजवळच्या एका गावी शाळेत शिकवतो आणि हिवाळ्यात मुलांना बर्फावरची हॉकी शिकवतो. दीक्षाभूमीवरचा तो जनसागर पाहून तो थक्क झाला होता. म्हणाला, "आमच्याकडे बुद्ध डोंगराडोंगरांत आहे, तुमच्याकडे माणसामाणसांत आहे. एकदा आमच्याकडे या. पण उन्हाळ्यात सगळेच येतात. तुम्ही हिवाळ्यात या. आमचे खेळ असतात, कामाला हात कमी पडतात."

त्याचे ते बोलणे आमच्या मनात घर करून राहिले. बर्फावरच्या खेळांसाठी सरकारने २०२० साली 'खेलो इंडिया हिवाळी क्रीडास्पर्धा' काश्मीरात गुलमर्गला सुरू केल्या. २०२४ पासून त्यांतले आईस हॉकी आणि आईस स्केटिंग हे खेळ लेहला होऊ लागले. २०२५ ची स्पर्धा पाचवी. लेहचा भाग २३ ते २७ जानेवारी असा होता. त्या मित्राने आमची नावे मदतनिसांच्या यादीत घातली आणि आम्ही चौघांनी पिशव्या भरल्या. चौघांत दोघे नोकरदार, एक रिक्षावाला आणि एक कॉलेजात जाणारा मुलगा. वर्षभर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकून तिकिटांचे पैसे उभे केले होते. एकानेही त्यापूर्वी विमान आतून पाहिलेले नव्हते.

डोळखांबहून एस.टी.ने शहापूर, आसनगावहून लोकल, कल्याणहून पंजाब मेल आणि दिल्लीहून विमान. हिवाळ्यात लेहचे रस्ते बर्फाने बंद होतात, म्हणून तेवढा तुकडा विमानाने जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. लेहच्या विमानतळाला कुशोक बकुला रिंपोछे यांचे नाव आहे. हे बौद्ध भिक्खू लोकसभेचे सदस्य होते आणि पुढे मंगोलियात भारताचे राजदूतही झाले. एका भिक्खूचे नाव विमानतळावर वाचून आमच्यातल्या रिक्षावाल्या भावाने तिथेच हात जोडले. ऊर भरून आला. इथे बुद्ध शोधावा लागत नाही. डोंगरावर गोम्पा, रस्त्याकडेला चैत्य, वाऱ्यावर फडफडणाऱ्या पताकांवर मंत्र. आमच्या मनात आले, हाच तो देश, जिथे माणूस जातीने मोजला जात नसेल.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तिथली हवा विरळ. उतरल्यावर निदान दोन दिवस अंथरुणात पडून राहायचे, पायऱ्यासुद्धा सावकाश चढायच्या, असा तिथला दंडकच आहे. आमचे डोके ठणकत होते, घास घशाखाली उतरत नव्हता. मित्राची आई, आम्ही तिला तिथल्या रीतीने 'आमाले' म्हणू लागलो, दर तासाला गरम पाणी आणि लोणी-मीठ घातलेला गुरगुर चहा आणून देई. सेवा करायला गेलेले आम्ही दोन दिवस सेवा घेत पडलो! त्याची लाज वाटली तेव्हा आमाले हसून म्हणाली, "आधी श्वास घ्यायला शिका, मग काम."

तिसऱ्या दिवशी कामाला लागलो. हॉकीचे सामने एन.डी.एस. स्टेडियममध्ये होते. तिथे यंत्राने बर्फ गोठवतात. स्केटिंगच्या शर्यतींसाठी गुपुख तळेही होते. ते तळे थंडीने आपोआप गोठते. आमची नेमणूक खेळाच्या मैदानावर नव्हे, तर कडेला. सकाळी फावड्याने आणि झाडूने वाटेवरचा भुसभुशीत बर्फ बाजूला सारायचा, गरम पाण्याची पिंपे भरायची, प्रेक्षकांना दोरीच्या आत येऊ द्यायचे नाही, आणि सापडलेल्या वस्तूंची वही ठेवायची. ही वही साहजिकच आमच्या कारकुनी हाताकडे आली. पाच दिवसांत अकरा हातमोजे जमा झाले, त्यांतले नऊ डाव्या हाताचे! हे गूढ आम्हाला अजून उकललेले नाही.

थंडी कशी म्हणावी? डोळखांबला डिसेंबरात शेकोटी पेटवून आम्ही 'काय थंडी पडली' म्हणतो. लेहला पहाटे मिशीवर बर्फ धरत होता. बाटलीतले पाणी हातात असताना गोठत होते. पण खेळणाऱ्या पोरी पाहिल्या आणि थंडी विसरलो. लडाखच्या मुलींची हॉकी म्हणजे वीज! पूर्वी इथले लोक फौजी बुटांना लोखंडी पाती ठोकून खेळायचे म्हणतात. भारताच्या महिला आईस हॉकी संघात बहुतेक मुली लडाखच्या आहेत, आणि त्याच संघाने पुढे जून २०२५ मध्ये आशिया चषक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. स्केटिंगला आपल्या महाराष्ट्राची मुलेही होती. सिमेंटच्या मैदानावर चाकांच्या बुटांनी शिकलेली ही मुले बर्फावर पाते लावून उतरली आणि पदके घेऊन गेली. 'जय महाराष्ट्र' ऐकले की आम्ही झाडू उंच करून ओरडत होतो.

खेड्यांतली रीत तर आम्हाला फारच आपली वाटली. तिथे मुले शेतालाच बांध घालतात, आपण भाताच्या खाचराला घालतो तसा. त्यात संध्याकाळी पाण्याचा पातळ थर सोडतात. रात्रीत तो गोठतो. दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा थर. असे काही दिवसांत मैदान तयार. आमच्यातला कॉलेजचा मुलगा म्हणाला, "दादा, आपल्याकडे खाचरात भात पिकतो, यांच्याकडे खेळाडू पिकतात."

इथवर सगळे आनंदाचे. आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते सांगतो.

२५ तारखेच्या संध्याकाळी मित्राच्या नात्यात लग्न होते. तिथे हिवाळा हाच लग्नसराईचा काळ, कारण शेतीची कामे नसतात. आम्हाला अगत्याचे आमंत्रण. "हे बाबासाहेबांच्या गावचे बौद्ध" अशी आमची ओळख करून दिली. घरात शिरलो. भिंतीच्या कडेने गाद्या अंथरलेल्या, पुढे रंगीत नक्षीची बुटकी मेजे. एका ओळीत माणसे मानाप्रमाणे बसतात. वर भिक्खू, मग वडीलधारे, मग बाकीचे. आम्हाला बरेच वर बसवले. चहा आला, वाद्ये सुरू झाली. दमन म्हणजे नगाऱ्याची जोडी आणि सुरणा म्हणजे आपली सनई. त्या आवाजाने अंगावर काटा आला.

वाजवणे थांबल्यावर दोघे वादक चहा प्यायला बसले. ओळीच्या अगदी शेवटी, दाराजवळ, जिथे थंडगार वारा आत येत होता. त्यांच्याखाली गादी नव्हती.

आम्ही मित्राला हळूच विचारले, "ते तिथे का?"

तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "ते मोन आहेत. तिथेच बसतात."

मग त्याने सांगितले ते असे. लडाखी बौद्धांतही तीन समाज खालचे मानले गेले. वाजवणारे मोन, लोहारकाम करणारे गारा आणि गावोगाव फिरून गाणारे-वाजवणारे बेदा. १९८९ च्या आदेशाने लडाखच्या ज्या आठ जमाती अनुसूचित जमाती ठरल्या, त्यांत हे तिघेही आहेत. कागदावर सगळे एका यादीत. पण पंगतीत जागा शेवटची, आणि सोयरीक नाही.

वाचकहो, त्या क्षणी आम्हाला काय वाटले असेल याची कल्पना तुम्हीच करा. बुद्धाच्या डोळ्यांदेखत, मंत्रांच्या पताकांखाली, तेच! आमच्या गावकुसाबाहेरच्या हलगीची आठवण झाली. लग्न आमच्या वाजवण्याशिवाय लागत नसे आणि पंगतीला आम्ही सगळ्यांच्या शेवटी. ती हलगी आमच्या वाडवडिलांनी धर्मांतराच्या वेळी खाली ठेवली. आणि इथे?

आम्ही उठलो आणि जाऊन त्या वृद्ध वादकाच्या खालच्या बाजूला, दाराशी बसलो. आम्हाला वाटले, मोठे समतेचे काम केले. पण झाले भलतेच. म्हातारा गडबडून उठला आणि आमच्याही खाली जाऊन बसला. आम्ही पुन्हा खाली सरकलो. तो पुन्हा उठला. असे करता करता आमची पाठ दाराला टेकली आणि म्हातारा उंबऱ्यावर! घरातले सगळे बघत होते. त्याच्या डोळ्यांत कृतज्ञता नव्हती, भीती होती. आमच्या समतेने त्या बिचाऱ्याला आणखी खाली ढकलले होते.

तेव्हा आमच्यातला रिक्षावाला भाऊ पुढे झाला. त्याने आपली कानटोपी काढून म्हाताऱ्याच्या हातात दिली आणि हिंदीत म्हणाला, "मेमेले, मी वाजंत्र्याचा नातू आहे. मला तुमचा नगारा वाजवून दाखवा ना, हात कसा धरायचा ते."

मेमेले म्हणजे आजोबा. म्हातारा पहिल्यांदा हसला. दोघे नगाऱ्याशी जाऊन बसले. तिथे वर-खाली असा प्रश्न उरला नाही. आम्हीही भोवती बसलो आणि हळूहळू बोलणे निघाले.

"मेमेले, तुम्हाला हे वाजवायला आवडतं?"

"हात चालतात तोवर आवडतं," तो म्हणाला. "पण आवडतं का, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं."

"आणि एखाद्या लग्नाला नाही म्हटलंत तर?"

"नाही कसं म्हणणार? बाप गेला त्या दिवशीसुद्धा दुसऱ्याच्या लग्नात वाजवलं आहे मी." थोडे थांबून तो पुढे म्हणाला, "माझा मुलगा नाही म्हणाला. लेहमध्ये टॅक्सी चालवतो. आता त्याच्याकडे कुणी नगारा मागत नाही. पण मुलगीही देत नाहीत."

रात्री परतताना मित्र बराच वेळ मुकाट्याने चालला होता. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही हे सगळं सोडून बुद्धाकडे आलात. आम्ही बुद्धाकडेच जन्मलो, म्हणून सोडायचं राहून गेलं." आम्ही म्हणालो, "भावा, आमचंही सगळं सुटलंय असं समजू नकोस. आमच्याकडेही सोयरीक जमवताना पोटजात विचारणारे आहेत. आणि आमच्या शेजारच्या कातकरी भावाला आम्ही आमच्या पंगतीत कुठे बसवतो, हे एकदा तूही येऊन बघ." पण या अंधारात त्याने मान खाली घातलेली आम्हाला दिसली, आणि वाटले, याच्या घरातला प्रश्न हाच सोडवील. पाहुण्याने उठून दाराशी बसण्याने तो सुटायचा नाही.

दुसरा दिवस २६ जानेवारीचा. संविधान लागू झाले त्याला ७५ वर्षे पूर्ण झालेली. सकाळी आम्ही राहत होतो त्या घराच्या अंगणात मित्राने शाळेतला तिरंगा आणून उभारला. बर्फात उभे राहून आम्ही राष्ट्रगीत म्हटले. बोटे बधिर झाली होती. आम्हाला संविधानाचा अनुच्छेद २३ आठवला. माणसांचा व्यापार, बेगार आणि तशा प्रकारची सक्तीची मजुरी यांना त्याने मनाई केली आहे. पुढे १९७६ साली वेठबिगारी नष्ट करणारा कायदाही झाला. तरी आमच्या शहापूर-मुरबाड तालुक्यांतली कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, आणि ती उचल फिटता फिटत नाही, हे आम्ही रोज बघतो.

त्या अंगणात आईचा प्रश्न पुन्हा कानात घुमला, आणि आजोबांची पाठ आणि मेमेलेचे हात एकदमच डोळ्यांसमोर आले. काम कोणते, पैसे किती, हा प्रश्नच नाही. बर्फ झाडणे हे काही मानाचे काम नव्हे. पैसेही मिळत नव्हते. तरी ते करताना आमची मान ताठ होती. कारण आम्ही 'नाही' म्हणू शकत होतो आणि 'हो' म्हणालो होतो. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला रात्रभर रांगा सांभाळणारा समता सैनिक दलाचा सैनिक थकतो, पण वाकत नाही, तो यामुळेच.

२७ तारखेला लेहचे सामने संपले. पुढचा गुलमर्गचा भाग बर्फच पुरेसा पडला नाही म्हणून लांबणीवर गेला आणि मार्चमध्ये झाला. आम्ही आपले नऊ डावे हातमोजे आणि दोन उजवे सही घेऊन परत केले आणि घरची वाट धरली.

घरी आल्यावर आईला सगळे सांगितले. मेमेलेची गोष्ट ऐकताना ती निवडता निवडता थांबली होती. मग म्हणाली, "आता कळलं मला. माझ्या बापाला नाही म्हणता येत नव्हतं. तुला येत होतं. मग ती वेठ नव्हे."

उत्तर मिळाले म्हणून आम्ही खूश झालो. पण आईचे पुढचे वाक्य आले.

"मग मला एक सांग. विहारातल्या भाताच्या टोपाला मी कधी नाही म्हणू शकले का रे?"

बंधूंनो, आम्ही पुन्हा गप्प बसलो. गेली कित्येक वर्षे आमच्या वस्तीवरच्या विहारात बुद्धपौर्णिमा, भीमजयंती, वर्षावासाचे कार्यक्रम होतात. आम्ही पुरुष मंडळी पाहुण्यांचे स्वागत करतो, हार घालतो, समतेवर बोलतो. आणि मागच्या पडवीत महिला मंडळाच्या भगिनी चुलीचा धूर खात असतात. भांडी घासून होईपर्यंत सभा संपलेली असते. पत्रिकेत त्यांच्यासाठी एक ओळ असते : भोजन व्यवस्था, महिला मंडळ. त्यांना कुणी विचारले होते? त्यांच्या 'हो'ला किंमत कशी असणार, जर त्यांना 'नाही' म्हणण्याची जागाच नाही? पंगतीच्या शेवटी, दाराजवळ, गादीशिवाय बसलेला मेमेले आम्हाला लेहला दिसला. आमच्याच विहाराच्या पडवीतली आई मात्र इतकी वर्षे दिसली नव्हती.

१४ एप्रिल २०२५ ला आम्ही लेहला गेलेल्या चौघांनी मंडळाच्या बैठकीत सांगून टाकले की यंदा स्वयंपाक आणि भांडी पुरुषांकडे. कुरकूर झाली. "चव कोण सांभाळणार?" असे एक ज्येष्ठ म्हणाले. चव खरोखरच सांभाळली गेली नाही. भात तळाला लागला, वरणात मीठ दोनदा पडले. रिक्षावाल्या भावाचा हात भाजला. पण शेवटचा टोप घासून आम्ही रात्री साडेदहाला पडवीतून बाहेर आलो तेव्हा महिला मंडळ पुढच्या खुर्च्यांवर बसून गाणी म्हणत होते.

आईला विचारले, "कसं वाटलं?"

"भात करपला," ती म्हणाली. मग हळूच पुढे म्हणाली, "पण भाषण आज पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. बरं बोलतात की रे लोक बाबासाहेबांवर."

लेहच्या मित्राला ही हकीकत आम्ही फोनवर सांगितली. तो खूप हसला. मग म्हणाला, यंदाच्या हिवाळ्यात गावातल्या मुलांचा हॉकीचा संघ निवडताना तो मोनांच्या घरी स्वतः जाऊन विचारणार आहे. विचारणार आहे, हा शब्द आम्हाला फार आवडला.

आपापल्या विहारात, आपापल्या घरात कोण दाराजवळ बसले आहे, हे प्रत्येक मंडळाने येत्या कार्यक्रमाआधी एकदा पाहावे. त्या माणसाला नुसते विचारावे, "तुम्हाला नाही म्हणायचं आहे का?" उत्तर काहीही येवो. विचारल्याशिवाय घेतलेल्या कामाला सेवा म्हणण्याचा अधिकार आपल्याला, बाबासाहेबांच्या लेकरांना, नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!